सरकत्या जिन्यापाशी

मॉलमधला झगमगाट डोळ्यांना दिपवतो, पण माझ्या जुन्या कॅमेऱ्याला तो उजेड पुरत नाही. फोटो हलू नये म्हणून मी कठड्यावर कोपरं टेकवतो आणि श्वास रोखतो.

त्या रविवारी सरकत्या जिन्याच्या तोंडाशी एक आजी पाऊल उचलून थबकल्या. आजोबा आधीच चढले होते. मागे हात पसरून ते तसेच वर वर निघाले. मी श्वास रोखला, तोच भिंगासमोर एक तळहात आला.

“काका, कॅमेरा अलाऊड नाही,” सिक्युरिटीवाला म्हणाला. “मोबाईलवर काढा ना, कितीही.”

प्रत्येक मॉलमध्ये हेच ऐकतो, तेही इतक्या अदबीनं की धड चिडताही येत नाही. वाद घालायचा आता कंटाळा आलाय. काढलेल्यांपेक्षा न काढलेले फोटोच माझ्याकडे जास्त साठलेत. मी कॅमेरा पिशवीत घातला.

तेवढ्यात आजोबा दुसऱ्या जिन्यानं खाली आले. त्यांनी आजींचा हात धरला. दोघांनी एकदमच पाऊल टाकलं आणि जिना त्यांना घेऊन वर गेला.

ते दिसेनासे झाल्यावर माझ्या लक्षात आलं, कॅमेरा पिशवीत होता, तरी श्वास मी रोखूनच धरला होता.