चूल वेगळी झाली तो आठवडा

आमचं गाव अकोटाच्या खालच्या अंगाला. विहिरी खाऱ्या, जमीन काळी. कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला होता त्या वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. घरात बाबा, माय, धाकटे काका, काकी आणि त्यांची लेक. ती माझ्याहून थोडी लहान. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, एका वाकळीवर निजायचो. ती चुलत आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पेरणीला थोडा अवकाश होता. सोमवारी काका अकोल्याहून गाडी घेऊन परतले. मायसाठी आणि काकीसाठी त्यांनी एकाच काठाची लुगडी आणली होती, आम्हा पोरींना खजूर. काकीनं लगेच लुगडं नेसून दाखवलं, मायनं तिच्या निऱ्या सारख्या केल्या. काका जेवताना अकोल्यातल्या कापसाच्या ढिगांचं वर्णन करत होते. बाबाही हसत ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी विषय काढला. गावाजवळच्या वावरात यंदा ज्वारी नको, तिथंही कापूसच पेरू, खायला ज्वारी बाजारातून आणू, असं त्यांचं म्हणणं.

बाबा म्हणाले, "जवारी भेटंन बाजारात. कडबा कुठून आनशीन? बैलायले काय पऱ्हाटीच्या काड्या चारू?"

"अख्खा मुलूख कापूस पेरून राहिला, दादा. आपनच काहून मागं राहाचं?"

बाबा उठून गोठ्याकडे गेले. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनात. माय आणि काकी समोरासमोर बसून दळत, पण जात्यावरची गाणी थांबली. नुसती घरघर ऐकू यायची.

गुरुवारी बहिणीला ताप भरला. काका वावरात होते. काकीला काही सुचेना. बाबांनी स्वतः गाडी जुंपली आणि अकोटाहून हकीमसाहेबांना घेऊन आले. माय तिच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिली. मला जवळ येऊ दिलं नाही. शुक्रवारी दुपारी ताप उतरला आणि तिनं ज्वारीची कण्हेरी मागून घेतली. काका ओसरीवर बाबांच्या शेजारी येऊन बसले. आता सगळं मिटलं, असं मला वाटलं.

शनिवारी काका त्याच ओसरीवर, आवाज न चढवता म्हणाले, "दादा, पोरीसाठी तुमी धावले, ते मी जन्मभर इसरनार नाही. पन मले माही वाटनी द्या."

बाबा "घे," एवढंच म्हणाले.

चार जाणत्या माणसांना बोलावून वावराचे दोन भाग झाले. बैलजोडी फोडली, एकेक बैल दोघांकडे. वेगळ्या दाव्याला बांधलेले ते बैल दिवसभर हंबरत होते.

रविवारी मागच्या खोलीत दुसरी चूल मांडायची होती. काकी लहानपणीच लग्न होऊन आलेली. तिला चूल घालता येत नव्हती. मायनंच माती कालवली आणि तिच्यासाठी चूल घातली. काकी जवळ बसून रडत होती. माय रडली नाही. मातीवरून हात फिरवत राहिली. संध्याकाळी बहीण सवयीनं आमच्या ताटावर येऊन बसली. काकीनं आतून हाक मारली, तशी ती उठून गेली.

काकांनी आपल्या वाट्यात सगळा कापूसच पेरला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या बैलाची हाडं दिसू लागली, तेव्हा बाबा त्याच्यापुढे कडब्याच्या पेंढ्या टाकून येत. काका दारातून पाहत राहत. मग भाव पडला, आणि ते बायको-लेकीला घेऊन अकोल्याला कापसाच्या गाठी ओढायच्या कामावर गेले. बहिणीचं लग्न तिकडेच झालं. आम्हाला ते नंतर कळलं.

बाबा एकदा त्यांना परत आणायला गेले होते. एकटेच आले. तिथं काय बोलणं झालं, ते त्यांनी मायलाही सांगितलं नाही.