कुसळाची नक्कल

टेकडीवरच्या गवतातून चालून आलं की सलवारीला आणि मोज्यांना कुसळं अडकतात. ती एकेक करून उपटताना सगळेच वैतागतात. मी जळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दरवर्षी वर्गात असं एक कुसळ बशीतल्या मातीवर ठेवून त्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाकते. पीळ भरलेली शेपटी ओली झाली की उलगडायला लागते, गरगर फिरते आणि टोकाचं बी मातीत घुसवते. वाळली की पुन्हा पीळ, भिजली की पुन्हा फिरकी. गवत आपलं बी आपणच पेरतं. पोरं मोबाइल खाली ठेवून बघतात, यातच सगळं आलं.

ही शेपटी लाकडाची करता येईल का, असं मी माझ्या मोठ्या भावाला विचारलं. परदेशात कोणी तरी तसं केल्याचं वाचनात आलं होतं. भाऊ भुसावळला रेल्वेत सुतारकाम करायचा. निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आला तरी घराच्या ओट्यावर त्याची ठोकाठोक चालूच असते.

"रंधा मारला की छिलके कुरळेच पडतात," तो म्हणाला. "त्यांना जरा जास्त पीळ घालायचा, एवढंच ना?"

एवढंच नव्हतं. पातळ छिलके धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात मऊ करायचे, विणायच्या सुईभोवती गुंडाळायचे, उन्हात वाळवायचे. टोकाला माती आणि बाभळीच्या डिंकाने बी चिकटवायचं. पहिले कितीतरी वाया गेले. जळगावातल्याच मेहरूण तलावाजवळच्या कडक जमिनीवर आम्ही ते पाणी शिंपडून पाहिले, तर शेपट्या आडव्या पडून नुसत्या लोळत होत्या. मी हिरमुसले. भाऊ उकिडवा बसून बघत राहिला आणि म्हणाला, "हिला उभं राहता येत नाही. तिवईसारखे तीन पाय देऊ." एकीच्या जागी तीन शेपट्या लावल्या, तेव्हा बी टोकावर उभं राहिलं आणि पाण्याबरोबर खाली शिरलं. आम्ही दोघं पन्नाशी-साठीची माणसं तलावाकाठी टाळ्या वाजवत होतो.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. रोपवाटिकेच्या कामामुळे तिथल्या महिला गटाशी माझी ओळख होती. गटाच्या प्रमुख बाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. गावामागच्या टेकडीच्या एका अंगाची माती धुऊन गेलेली. खड्डे घ्यावेत तर उतार फार, नुसतं बी फेकावं तर घरंगळतं नाहीतर मुंग्या नेतात. अंजनाची झाडं तिथं पूर्वी होती, त्यांचा पाला गुरांना चालतो, म्हणून अक्कांना अंजनच हवा होता. मी आमची लाकडी कुसळं दाखवली. त्यांनी एक हातात घेऊन मोडून पाहिलं, वास घेतला.

"करी देखू ताई," त्या म्हणाल्या. "पन जे टाकशात ते आमले दखाडीसन टाका. आमना ढोरं तठेच चरतस."

दाखवल्याशिवाय काही टाकायचं नाही, कारण गुरं तिथंच चरतात. साधी, सरळ अट. आम्ही ती पाळली. त्या पावसाळ्यात सगळं उगवलं नाही, निम्मंही नाही. पण ज्या उतारावर काहीच धरत नव्हतं तिथं अंजनाची रोपं दिसली. गटातल्या बायकांनी त्यांच्याभोवती काटेरी फांद्या रोवल्या आणि त्या भागात शेळ्या सोडायच्या नाहीत असं आपसात ठरवलं. छिलके तोवर कुजून मातीच्या रंगाचे झाले होते.

कोणी तरी याचे फोटो पुढे पाठवले आणि ते झाडं लावणाऱ्या एका संस्थेपर्यंत पोचले. संस्थेचे साहेब थेट आमच्या घरी मेहरूणला आले. चहा घेतला, भावाचे छिलके खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. "मॅडम, हे काम मोठ्या प्रमाणावर झालं पाहिजे," म्हणाले. मला आनंदच झाला. मी नमुने दिले, कृती समजावून सांगितली, भावाने रंध्याचं पातं किती बाहेर ठेवायचं तेही सांगितलं. मी एकच विचारलं, "लाकूडच वापरणार ना?"

"सगळं निसर्गाला धरून, मॅडम. त्याशिवाय आम्ही कामच करत नाही."

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी पर्यावरण दिनाचं निमंत्रण आलं. कार्यक्रम त्याच गावात, त्याच टेकडीच्या पायथ्याशी. भावाला घेऊन मी गेले. मंडप घातलेला, फलकावर 'निसर्गप्रेरित, संपूर्ण विघटनशील बीजयंत्रं' असं लिहिलेलं. पाहुण्यांसाठी कूलर होते. गावातल्या बायकांना मात्र हिरव्या टोप्या घालून मंडपाबाहेर उन्हात ओळीने बसवलं होतं, फोटोत हिरवळ दिसावी म्हणून. अक्काही त्यातच होत्या. त्यांना कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं की टेकडीवर काय पडणार आहे. त्यांची टेकडी, त्यांनी राखलेली रोपं, आणि त्यांनाच टोपी घालून गप्प बसवलेलं. ते बघूनच माझं डोकं तापलं होतं.

मला स्टेजवर तज्ज्ञ म्हणून खुर्ची दिली. भाषणं चालू असतानाच ड्रोन उडाला आणि टेकडीवर तपकिरी पाऊस पडावा तशी ती यंत्रं पडायला लागली. लोक टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात अक्का टोपी काढून ठेवून टेकडीकडे गेल्या आणि मुठीत काही तरी घेऊन स्टेजच्या पायरीपर्यंत आल्या.

"ताई, हाई तुमन्हं शे का?" त्यांनी मूठ उघडली. "बकरी चावी राह्यनी."

शेळी चघळत होती ते मी हातात घेतलं. रंग लाकडाचा, आकार आमच्याच तीन शेपट्यांचा. पण गुळगुळीत, एकसारखं, साच्यातून निघाल्यासारखं. टोकाला अंजन नव्हता, सुबाभूळ होती, जी एकदा आली की दुसऱ्या कशाला वाढू देत नाही. मी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. शेपटी हललीसुद्धा नाही. म्हणजे पेरणार काहीच नव्हतं ते. आमच्या कुसळाचा नुसता मुखवटा होता.

भाऊ स्टेजखाली उभा होता. मी एक शेपटी त्याच्याकडे दिली. त्याने काडी पेटवून तिला लावली. लाकूड काळं पडून जळतं. ही वितळली, तिचे थेंब पायरीवर ओघळले आणि करपलेल्या साखरेसारखा वास सुटला.

"प्लास्टिक आहे," भाऊ मोठ्याने म्हणाला.

साहेब लगबगीने आले. "काका, प्लास्टिक नाही. मक्यापासून बनवलेलं आहे. विघटन होतं त्याचं."

"कुठे होतं?" मी विचारलं.

"त्याला ठराविक उष्णता लागते. कंपोस्टच्या कारखान्यात..."

"कारखाना कुठे आहे या टेकडीवर?"

ते हसले. त्या हसण्याचा राग मला आजही तितकाच येतो. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मॅडम, इथल्या लोकांना हा फरक कळत नाही. आपण जाणकार माणसं. नंतर बोलू."

नंतर नाही. मी माईकपाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी एवढंच सांगितलं की हे लाकूड नाही, हे या मातीत कुजणार नाही, हे पाण्याने फिरत नाही, यात सुबाभूळ आहे, आणि ज्यांची गुरं इथं चरतात त्यांना कोणी विचारलेलं नाही. पुढचं वाक्य कोणाला ऐकूच गेलं नाही. माईक बंद झाला आणि स्पीकरवर देशभक्तीचं गाणं लागलं. गाण्यासाठी पाहुणे उभे राहिले. बाहेरच्या बायकाही उभ्या राहिल्या, पण त्या टेकडीकडे निघाल्या.

आम्ही वेचायला सुरुवात केली. साठी ओलांडलेला भाऊ, मी आणि त्या सगळ्या. काट्यांत, दगडांच्या फटीत, मागच्या वर्षीच्या रोपांच्या बुडाशी ती अडकली होती. मंडपवाले खुर्च्या गोळा करून गेले तरी आमची पोती भरत होती. आणखी कितीतरी खेपा झाल्या. पाऊस पडून गेल्यावरही ती सापडत राहिली, जशीच्या तशी, धुतल्यामुळे आणखी चकचकीत. ज्यांनी टाकली त्यांच्यापैकी एकही माणूस वेचायला आला नाही.

वर्तमानपत्रात फोटो मात्र आला. मी स्टेजवर बसलेली, खाली ओळ, 'तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली उपक्रम यशस्वी'. मी त्यांच्या कार्यालयात जाऊन खुलासा दिला. तो छापला नाही. उलट प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांना साहेबांच्या संस्थेचा फोन आला होता.

"तुम्ही कार्यक्रमात वाद घातलात म्हणे."

"सर, मी खोटं सांगायला नकार दिला."

"खासगीत सांगायचं होतं."

"टेकडीवर टाकलं ते खासगीत टाकलं होतं का?"

त्यानंतर मला कॉलेजच्या कुठल्याच समितीवर घेतलेलं नाही. घेतलं असतं तरी तिथंही मी हेच बोलले असते.

अक्कांनी वेगळंच केलं. ग्रामसभेत त्यांनी एक भरलेलं पोतं सर्वांसमोर ओतलं आणि सरपंचांना म्हणाल्या, "बठ्ठासले सांगी द्या, आमले इचारा बिगर अठे काहीच टाकानं नही." गावाला विचारल्याशिवाय टेकडीवर काही टाकायचं नाही, असा ठराव झाला. आता फलक, कूलर, ड्रोन काहीही आणा, आधी गावाला दाखवावं लागतं.

या वर्षी ती संस्था गिरणेच्या काठी, भडगावकडच्या एका गावात जाणार असल्याचं मला कळलं. मी अक्कांना फोन केला. मला वाटलं, त्या म्हणतील, तुम्ही जाऊन या. त्या म्हणाल्या, "मी बी येस." पहाटेची एसटी धरून त्या धुळ्याला आल्या, जळगावहून जाऊन मी त्यांना तिथं गाठलं आणि आम्ही दोघी पुढे गेलो. पंचायतीच्या ओट्यावर गावातली माणसं जमली होती. मी शास्त्र सांगायला लागले, तसे दोघं-तिघं मोबाइल पाहू लागले. अक्कांनी मला थांबवलं आणि आपल्या शेळीच्या तोंडातून शेपटी कशी ओढून काढली ते सांगितलं. सगळे ऐकत राहिले. एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "मंग त्या साहेबले इचारं का कोनी, उचलीसन कोन लई जाई?"

"इचारं," अक्का म्हणाल्या. "साहेब हासना."

ओट्यावर कोणी हसलं नाही. आबांनी ग्रामसेवकाला जवळ बोलावलं आणि संस्थेला फोन लावायला सांगितला. आधी येऊन दाखवा, मग मंडप घाला, असा निरोप गेला. संस्था फिरकली नाही. बहुतेक दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात गेली असेल, आणि तिथंही उन्हात कोणी तरी टोपी घालून बसलेलं असेल. परतीच्या एसटीत मी हे म्हटलं तेव्हा अक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

"तठला गाव कोनता शे, ते शोधी काढा," त्या म्हणाल्या.