थंडोबाची सतरावी नळी

संस्थेत त्याला सगळे थंडोबा म्हणत. तीस वर्षं जो माणूस गारठलेल्या खोलीत समुद्राचा गाळ राखत बसला, त्याला दुसरं म्हणणार तरी काय? जहाजावरून लांब नळी समुद्राच्या तळात खुपसायची, आत आलेला गाळ तसाच वर ओढायचा, नळीचे हातभर तुकडे करायचे आणि प्रत्येकाला टोपणं लावायची. वरच्या तोंडाला निळं, खालच्याला पांढरं. खालचा थर जुना, वरचा नवा. कुठल्या काळी हवा गार होती, समुद्रातले प्रवाह वाहत होते की थबकले होते, हे शास्त्रज्ञ त्या थरांवरून ओळखत. थंडोबा जेमतेम शाळा शिकलेला, पण टोपणांच्या बाबतीत भल्याभल्यांच्या चुका काढायचा.

निवृत्तीला आठवडा उरला होता. मोजदाद करताना त्याने सतरावा तुकडा उघडला. उभ्या चिरलेल्या नळीत लिंबाएवढा दगड होता. वितळत्या हिमनगातून असे दगड तळाशी पडतात आणि त्यांच्याखालचा गाळ दबतो. इथे वरचा दबला होता. दगड काही खालून वर पडत नाही.

त्याला तो दिवस आठवला. धाकटा भाऊ गेल्याचा निरोप जहाजावर आला होता आणि किनारा बारा दिवस लांब होता. डोळे पुसत पुसत त्याने टोपणं लावली होती, आणि या तुकड्याची निळं-पांढरं उलटी लागली होती. नेमक्या याच तुकड्यावर संस्थेच्या प्रमुख शास्त्रज्ञ मॅडमचं नाव झालं होतं. समुद्रातला मोठा प्रवाह थांबायला हजारो वर्षं लागली, असा त्यांचा शोध. तुकडा सुलटा धरला तर प्रवाह एका फटक्यात थांबला होता, हजारो वर्षं लागली होती ती पुन्हा सुरू व्हायला. म्हणजे तो पुन्हाही तसा थांबू शकत होता.

मॅडमनीच त्याला नोकरीत कायम करून घेतलं होतं. खाल्ल्या मिठाला जागायचं की खरं बोलायचं? दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने त्यांच्या टेबलापुढे उभं राहून सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. "मला सहा वर्षांपासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची नोकरी गेली असती."

त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. चार वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी त्याच तुकड्यावर काम करत होती. तिचे आकडे काही केल्या जुळेनात. ती गार खोलीत रडली तेव्हा यानेच तिला सुनावलं होतं, "ताई, टोपणं मी लावलीत. तुमचंच कुठेतरी चुकतंय." ती शिक्षण अर्धवट टाकून गेली.

"त्या पोरीला तरी सांगायचं होतं, मॅडम."

"कुठल्या पोरीला?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. नाव सांगायला थंडोबाने तोंड उघडलं, आणि त्यालाही ते आठवेना.