दोन ॲम्प्लिफायर आणि साखरबाईचा कान

नागोराव मूळचा परभणीकडचा. मेहुण्याच्या ओळखीने शहात्तर साली बोईसरला आला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्यात प्रेसवर लागला आणि तिथेच रुळला. प्रेस म्हणजे पत्र्यावर धाडकन आदळणारं लोखंडी धूड. अशी धुडं एका रांगेत, आणि त्यांच्या मधोमध नागोराव. सुरुवातीला डोकं भणाणून जायचं. पुढे त्या दणदणाटात उभ्याउभ्या डुलकी लागेल इतकी सवय झाली. "कान मेले की माणूस प्रेसवाला झाला," असं जुने कामगार हसून म्हणायचे, आणि नव्यांना ती शाबासकी वाटायची.

एवढ्या आवाजात राबणाऱ्या माणसाला घरी गेल्यावर शांतता हवीशी वाटेल की नाही? नागोरावचं उलट होतं. त्याला गाण्याचं वेड. दर गुरुवारी कामगारांच्या भजनी मंडळात तो पखवाज वाजवायचा, आणि उरलेल्या वेळात कॅसेट ऐकायचा. लहानसा डेक होताच. मशीनच्या पेटाऱ्यांची लाकडं जोडून त्याने दोन सुरेख स्पीकरपेट्या बनवल्या, मुंबईहून स्पीकर आणून त्यात बसवले. आता हवा होता तो या दोहोंच्या मधला गडी, म्हणजे ॲम्प्लिफायर. डेकमधला नाजूक आवाज उचलून स्पीकरला ताकद देणारा. नवा कोरा घेण्याची ऐपत नव्हती. वापरलेला मिळाला तर बघायचं, असं ठरलं.

आणि सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी एकाच आठवड्यात दोन चालून आले.

पहिला खंडेरावांचा. हे तारापूरच्या कर्मचारी वसाहतीत राहणारे, नुकतेच निवृत्त होऊन गावी निघालेले गृहस्थ. त्यांचा ॲम्प्लिफायर जुन्या जमान्यातला, व्हॉल्व्हचा. बटण दाबलं की काचेच्या नळ्या हळूहळू निखाऱ्यासारख्या उजळायच्या, आणि मग कुठे आवाज फुटायचा. वजन तर असं, की सायकलच्या कॅरियरला बांधून आणताना नागोराव पुढे हँडल धरून चालला आणि मागून साखरबाई दोन्ही हातांनी ते ओझं सावरून.

"लेकरू आणताव का वरवंटा?" ती धापा टाकत म्हणाली. ही त्याची बायको. तोंडाने फटकळ, पण नवऱ्याच्या खुळात कायम सामील.

दुसरा मुरबे या किनाऱ्यावरच्या गावातल्या देवूचा. देवू काही वर्षं मोठ्या जहाजावर खलाशी होता. येताना परदेशातून ट्रान्झिस्टरवाला ॲम्प्लिफायर घेऊन आला. सडपातळ, चकचकीत, बटण दाबताक्षणी तयार. पण आता देवूने स्वतःची होडी घेतली होती, आणि त्याची बायको लाडकी त्या डब्यावर वैतागली होती.

"खारा वारा लागून बटनां गंजतान," देवू म्हणाला. "रोज पुसाला कोनाला वेल हाय? तुमी न्या. आठ दिस ऐका. आवरला तं ठेवा, नाय तं परत आना. आमचा काय बिगरत नाय."

खंडेरावांनीही हेच सांगितलं होतं. मग काय, रविवारी सकाळी दोन्ही ॲम्प्लिफायर नागोरावच्या पुढच्या खोलीत शेजारी शेजारी मांडले गेले. ऐकायला कॅसेट लावली ती आपल्याच भजनी मंडळाची, दसऱ्याला भरून घेतलेली. कोण कुठे बसलं होतं, कुणी काय वाजवलं, सगळं ठाऊक. त्यापेक्षा चांगली परीक्षा कुठली?

आधी जुना लावला. नळ्या तापल्या, आणि खोलीत पखवाज असा घुमला की नागोरावचे डोळे मिटले. गळे भरदार, पेटी मधाळ. "वा! आवाज असावा तर असा," तो म्हणाला.

"गोड हाय," साखरबाई दारातून म्हणाली. ती भाजी निवडत होती. "पण टाळ जरा दबल्यावाणी वाटायलेत."

"ते मशीनचं नाही, रामाचं काम," नागोराव करवादला. रामा म्हणजे मंडळातला टाळकरी, शिरगावचा, त्याच कारखान्यात पॅकिंगला. वर्षभर नागोराव त्याच्या मागे लागला होता: टाळ दाबून वाजवतोस, जीव नाही हातात. दसऱ्यानंतर एकदा तर सगळ्यांसमोर बोलला. तेव्हापासून रामा भजनाला येईनासा झाला होता.

मग तारा बदलून नवा लावला. पखवाज आला, गळे आले, पण ते घुमणं नाही. नागोरावला कोरडं कोरडं वाटलं. तो बटण बंद करायला हात पुढे करणार, एवढ्यात साखरबाई भाजीचं ताट घेऊनच आत आली.

"आता बगा! आता आले टाळ. किती खणखणीत!"

नागोराव ऐकत राहिला. "कुठायत?"

"कुठायत म्हंजे? हे काय, वाजायलेत की सारखे."

त्याने कान स्पीकरपाशी नेला. उंच सुरांचं बटण फिरवलं, आणखी फिरवलं, शेवटपर्यंत नेलं. साखरबाईने ताट खाली टाकून दोन्ही कानांवर हात दाबले. शेजारची शैला दारात येऊन ओरडली, "अहो, काय फुटतंय का घरात?" आणि तेव्हा कुठे नागोरावला, फार लांबून कुणी पैंजण घालून चालावं तसं, काहीतरी ऐकू आलं.

त्याने आवाज बंद केला. शैला आल्या पावली परत गेली.

"साखर, खरं सांग," तो म्हणाला. "रामा दसऱ्यालाही असाच वाजवत होता?"

"नेहमीच वाजवतो. तुमी त्याच्या मागं लागलाव तवापासून तर लईच जोरात." ती त्याच्याजवळ येऊन बसली. "कुकरची शिट्टी ऐकू येत नाही तुमाला, ते मला ठावं हाय. वाटलं, तुमचं ध्यान नसतंय."

पुढचे दोन दिवस नागोरावने फक्त जुना ॲम्प्लिफायर लावला. त्याच्यासमोर बसलं की जगात काही कमी आहे असं वाटायचंच नाही. जे ऐकू येत होतं ते भरभरून येत होतं, आणि जे येत नव्हतं त्याची आठवणही तो करून देत नव्हता. हाच ठेवावा, विषय संपवावा, असं त्याच्या मनाने जवळपास घेतलंच होतं. तिसऱ्या दिवशी कामावर प्रेस सुरू झाली आणि त्याच्या मनात आलं, हे धूड रोज माझं थोडं थोडं खातंय, आणि मी घरी जाऊन त्यावर पांघरूण घालतोय.

त्याने सुट्टी टाकली आणि पालघरला कानाच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं, "वरचे सूर गेले ते परत येत नाहीत. पण जे राहिलेत ते राखता येतील. कान झाकल्याशिवाय मशीनपाशी उभं राहायचं नाही. आणि जमलं तर मशीनच सोडा."

जाणारं गेलं, याचं दुःख झालंच. पण राहिलेलं राखता येतं, हे वाक्य त्याने परतीच्या वाटेवर खडीसाखरेसारखं घोळवलं. आणि घोळवता घोळवता त्याला रांगेतले बाकीचे आठवले. नामदेव तर त्याच्याही आधीपासून प्रेसवर होता.

त्या गुरुवारी भजनाऐवजी त्याने प्रेसवाल्यांना चहाला बोलावलं. देवूचा ॲम्प्लिफायर लावला, दसऱ्याची कॅसेट घातली आणि म्हणाला, "डोळे मिटा. टाळ ऐकू आले की हात वर करा."

दाराशी उभ्या असलेल्या साखरबाईने लगेच हात वर केला. नवीन लागलेल्या पोरांचे हात वर गेले. काही वर्षं प्रेसवर काढलेल्या एकनाथचा डगमगत अर्ध्यावर आला. नामदेव मात्र मांडीवर हात ठेवून शांत बसलेला, टाळांची वाट बघत. त्याने डोळे उघडले, सगळ्यांचे हात पाहिले, आणि हसायला गेला ते हसू मधेच राहिलं.

"माझाबी हात खालीच होता," नागोराव म्हणाला. "नामदेवराव, यात लाजण्यासारखं काही नाही. पण या पोरांचे हात आणखी दहा वर्षांनीही वर जायला पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. कानावर घालायची झाकणं मिळाली पाहिजेत, एवढीच मागणी. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. आजवर कुणी मागितलंच नव्हतं, म्हणाला. थोडी टाळाटाळ झाली, पण संक्रांतीच्या सुमारास झाकणं आली. नागोराव आणि नामदेव दोघांना स्टोअरमध्ये बदली मिळाली.

त्याआधीच एका सकाळी नागोराव सायकल काढून शिरगावला गेला. रामा अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होता. नागोरावने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. रामाने काठीची गाठ आणखी आवळली.

"मी जोर करून करून वाजवीत होतो," तो म्हणाला. "दोरीनी बोटां सोलली, तरी तुमी म्हनायचे, जीव नाय. मना वाटला मनाच वाजवता येत नाय."

"वाजवता येतं. मला ऐकता येत नव्हतं."

"आता कसा करनार?"

"समोर बस माझ्या. तुझे हात बघून ठेका धरतो."

रामाने काठी खाली ठेवली आणि घरात हाक मारली, "पाव्हना आलाय, चाय ठेवा."

नागोरावने देवूचा ॲम्प्लिफायर ठेवला. ठरलेले आठ दिवस भरले तसा जुना परत करायला गेला तेव्हा खंडेरावांनी विचारलं, "का हो, आवडला नाही?"

"फार आवडला, साहेब. म्हणूनच परत आणला," नागोराव म्हणाला आणि कुकरच्या शिट्टीपासून सगळं कारण सांगितलं. खंडेराव हसले, आणि आत वळून बायकोला म्हणाले, "अगं, कुकरची शिट्टी कधी झाली?"

ही गोष्ट बोईसरभर झाली. पुढे नव्वदच्या आसपास घरोघरी टेप, डेक, वापरलेले ॲम्प्लिफायर यायला लागले, तसे लोक नागोरावला सल्ला विचारायला येऊ लागले. तारा, जोडण्या, ट्रान्सफॉर्मर तापतो का, हे तो बघायचा. आवाजाचं विचारलं की म्हणायचा, "ते खातं माझं नाही, आमच्या घरच्यांचं आहे." मग साखरबाई पदराला हात पुसत यायची, खुर्चीत ताठ बसायची आणि ज्यांतून निवडायचं ती दोन्ही मशीनं पुन्हा पुन्हा लावायला सांगायची. जुनं की नवं, हे तिला सांगायचं नाही, असा तिचाच नियम होता. एकदा पालघरच्या एका दुकानदाराने तिच्यासाठी खास रिक्षा पाठवली. ती जरीकाठाचं लुगडं नेसून गेली, सगळं ऐकून घेतलं, आणि त्याच्या सगळ्यात महागड्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याला सर्दी झाली हाय."

दुकानदार आधी चमकला, मग त्याने मशीन उघडायला घेतलं.