मागच्या सीटवरचं वजन

मिस्त्रीच्या बायकोनं बॅग भरली आणि दवाखान्याच्या गाडीत नेऊन आदळली. गाडी दुरुस्त झाली की ड्रायव्हर तिला स्टँडवर सोडणार होता. तिथून बहिणीकडे, कायमची.

नवरा तिला हिंग लावून विचारत नव्हता, हा तिचा राग. ही घसा फोडून बोलली तरी मान वर करायचा नाही. आणि ड्रायव्हरनं फाटकातून आपल्या भसाड्या आवाजात "मिस्त्री!" म्हटलं की लगेच गाडीखालून बाहेर. आई गेल्याचा फोन आला त्या दुपारी तिनं गॅरेजच्या दारात उभं राहून हाका मारल्या होत्या. गाडीखालून याचे पाय दिसत होते. ते हललेसुद्धा नाहीत. ती एकटीच गेली. शेजाऱ्यांकडून कळल्यावर हा मागाहून आला, पण तोवर मनातून उतरला तो उतरलाच.

वर लोक म्हणणार, मिस्त्रीचा कान म्हणजे कान, गाडी दारात यायच्या आत रोग सांगतो. या गाडीनं मात्र त्याचं नाक कापलं होतं. जुनी, चारही चाकांनी ओढणारी, डोंगरातल्या वस्त्यांवरून पेशंट आणणारी. चढाला लागली की किरकिरायची. ड्रायव्हर म्हणाला मागून येतंय, म्हणून यानं मागच्या चाकांना फिरवणारा डिफरन्शियल उघडला. आतले दाते धडधाकट. मग गिअरबॉक्स उतरवला. किरकिर जिथल्या तिथे.

"गाडीत बस," आज तो तिला म्हणाला. "चढावर बघायचंय. मागे वजन हवंय."

"वजनापुरती तरी आठवले," म्हणत ती बॅगेशेजारी बसली. वाटेत भांडता येईल, एवढाच तिचा हेतू. ड्रायव्हरला त्यानं गॅरेजवरच बसवून ठेवलं.

चढाच्या पायथ्याशी उतरून त्यानं पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरच्या चकत्या फिरवल्या, आत बसून गिअरशेजारचा दांडा ओढला, चारही चाकं इंजिनाला जोडली. गाडी हलली आणि सुरू झालं. किर्र, किर्र, किर्र, वेग वाढेल तसं भरभर. तिचे दात शिवशिवले. हा मात्र शांत.

"येतोय का काही आवाज?" आरशातून तिच्या तोंडाकडे बघत त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थट्टा चालली होती की काय? मग तिच्या लक्षात आलं, त्याची नजर तिच्या ओठांवरून हलत नव्हती. ओठ दिसणार नाहीत अशी तिनं मान खाली घातली. "गाडी थांबवा," ती म्हणाली. गाडी चालूच. पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. गाडी चालूच. मग ड्रायव्हरसारखा आवाज जाड करून तिसऱ्यांदा म्हणाली, तसा कचकन ब्रेक लागला.

"कधीपासून?" उतरून त्याच्या खिडकीसमोर येत तिनं विचारलं.

तो स्टिअरिंग चोळू लागला. "जाड आवाज ऐकू येतात," तो म्हणाला. "बारीक येत नाहीत. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल?"

"बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटली तुम्हाला, आणि दगड म्हणवून घ्यायची नाही वाटली? आई गेली त्या दिवशी दारात उभी राहून ओरडत होते मी."

"तू हाक मारली होतीस? मला वाटलं, मला न सांगताच निघून गेलीस."

तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. "आवाज मागून नाही," ती डोळे पुसत खेकसली. "पुढून येतोय, खालून."

त्यानं दांडा मागे सारला, चकत्या फिरवून पुढची चाकं मोकळी केली आणि गाडी थोडी पुढे नेली. गाडी गप्प. जोडली, की पुन्हा किरकिर. तो खाली शिरला, पुढच्या चाकांकडे जाणारा फिरता शाफ्ट हातानं हलवला. त्याच्या सांध्यातला क्रॉस, फुलीच्या आकाराचा लोखंडी तुकडा, ग्रीसविना सुकून गेला होता. बोटांना गंजाची लाल भुकटी लागली.

गॅरेजवर परतून नवा क्रॉस बसवल्यावर ड्रायव्हर खूश. "वहिनी, निघायचं ना स्टँडवर?"

"बॅग उतरव," ती म्हणाली. राग गेला नव्हता. बहिणीच्या घरून भांडायचं कसं, एवढाच प्रश्न होता. नवरा पाठमोरा हात पुसत होता, त्याला ऐकू गेलं नाही. ती वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि आवाज जाड करून तेच पुन्हा म्हणाली.