नातीच्या गावात घेतलेलं शटडाऊन

हसणार नसाल तरच सांगतो. नाही, आधी कबूल करा! आमच्या इवायानं ही गोष्ट लाखांदूरपासून साकोलीपर्यंत पोचवली आहे, आणि पदरचं इतकं तिखटमीठ लावलं आहे की खरं काय झालं ते एकदा माझ्या तोंडून बाहेर पडलेलं बरं.

मी एक गाव बुडवलं.

चांगलं घरादारांचं, तलावाचं, गाईगुरांचं गाव. रविवारी सकाळी, साकोलीत घरच्या पलंगावर मांडी घालून, एका बोटानं!

घाबरू नका, गाव गेममधलं होतं. पण इज्जत माझी होती, आणि ती खरी होती.

आधी मी कोण ते ऐका. बत्तीस वर्षं लाईनमन होतो. दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत घेऊन रिटायर झालो. कसा? एका नियमानं. तारेला हात लावायच्या आधी शटडाऊन घ्यायचं, म्हणजे लाईन बंद करायची. खटक्यावर पाटी लावायची, ‘काम चालू आहे, हात लावू नये’. आणि ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. मोठा साहेब आला तरी दुसऱ्यानं काढायची नाही. बंद म्हणजे सुरक्षित! देवावर नसेल इतका माझा या गोष्टीवर विश्वास.

आता इवाई. तुम्ही व्याही म्हणता, आम्ही इवाई म्हणतो. माझ्या सुनेचे वडील, राहणार दिघोरी, पक्के धानवाले. माणूस लाखाचा, पण माझ्या खात्याला टोमणा मारल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. वीज गेली की पहिला फोन मला. अहो, मी रिटायर झालो! पण नाही.

आणि आमच्या दोघांची मिळून एक नात, ओवी. नागपूरला असते, सहावीत आहे. पोरगी हुशार, पण वर्गात चार जणांपुढे बोलायचं म्हटलं की दातखीळ बसते. घरात पटपट बोलेल, शाळेत उभी केली की खाली मान. तर या ओवीला ठोकळ्यांच्या गेमचं वेड. त्या गेममध्ये सगळं जग चौकोनी. झाड चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी! ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घर बांधायचं. इथवर ठीक होतं. पण त्यात वीजपण आहे! जमिनीवर लाल भुकटीची रेघ ओढायची, ती तार. एका टोकाला खटका, दुसऱ्या टोकाला पिस्टन, म्हणजे पुढेमागे सरकणारा ठोकळा. खटका वर केला की पिस्टन पुढे सरकतो, खाली केला की मागे येतो.

पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं.

“न्यूट्रल कुठं हाये?”

“न्यूट्रल नसतं आबा. एकच तार असते.”

“एका तारेवर कसं चालंल बाई? करंट वापस कुठून जाते?”

“वापस जातच नाही.”

“मंग जाते कुठं?”

“आबा, गेम आहे हा!”

गेम असला म्हणून काय झालं? मला दोन दिवस चैन पडली नाही. पण मग तिनं सांगितलं की पंधरा ठोकळ्यांनंतर तारेतला जोर संपतो, म्हणून मधे एक डबी बसवावी लागते. व्होल्टेज ड्रॉप! परमुलुखात गाववाला भेटावा तसं झालं मला. आणि तिथंच मला वाटायला लागलं की आपल्याला यातलं समजतं. घात झाला तो इथं.

ओवीनं दोन महिने खपून शाळेसाठी एक गाव बांधलं. नाव दिलं ‘आजोबांचं गाव’. वर उंचावर तलाव, तलावाच्या पाळीवर मोठा खटका, पिस्टनचं दार. दार ठरल्या वेळी आपोआप थोडंसं उघडायचं, खालच्या बांध्यांना, म्हणजे शेताच्या तुकड्यांना, पाणी द्यायचं आणि पुन्हा मिटायचं. रविवारी अकरा वाजता तिच्या मॅडम आणि सगळा वर्ग आपापल्या घरून त्या गावात यायचा होता, आणि ओवीनं सगळ्यांसमोर ते समजावून सांगायचं होतं. पोरीनं आरशापुढे उभं राहून भाषण पाठ केलं होतं. तिच्या आईनं मला फोनवर बजावलं, “बाबा, यावेळी बोलली तर बोलली, नाही तर पुन्हा कधी उभी राहणार नाही ती.”

गाव आजोबांचं, तर आजोबा हवेतच! मला जुना टॅब दिला, इवायांना त्यांच्या फोनमध्ये गेम टाकून दिला. त्यांना शेत दिलं. तिथंही त्यांची कुरकुर.

“धान कुठी हाये?”

“यात गहूच असतो नानाजी.”

“भंडारा जिल्ह्यात गहू? लोकं थुकतीन न पोरी माह्यावर!”

शेवटी त्यांनी गहूच पेरला आणि त्याला धान म्हणायला लागले.

तर रविवार. पावणेअकरा. आम्ही तिघं फोनवर जोडलेले, तिघंही गावात हजर. ओवी म्हणाली, “मी केस विंचरून, नाश्ता करून येते. दहा मिनिटं. कुणी कशाला हात लावायचा नाही. नुसतं उभं राहायचं.”

नुसतं उभं राहायचं! दोन रिकामटेकड्या म्हाताऱ्यांना यापेक्षा कठीण काम सांगता येईल का?

ती गेली न गेली तोच इवायांचा आवाज आला.

“का जी इवाई, तुमचं खातं इथंबी पोचलं वाटते.”

“काहून?”

“माह्या घरापुढं खांबा हाये, खांब्यावर दिवा हाये, अन् दिवा बंद! डिट्टो दिघोरी.”

पाहिलं, तर खरंच. सगळ्या गावात एकच खांब, त्यावर एकच दिवा, आणि तो बंद! आता पंधरा मिनिटांनी मॅडम येणार, पोरंटोरं येणार, आणि लाईनमनच्या नातीच्या गावात दिवा बंद? माझ्या अंगाची लाही लाही झाली. ओवीच्या नजरेतून सुटलं असेल, लेकरू आहे. पण मी कशाला आहे?

आणि ऐका, मी घाई केली नाही. आगाऊपणा केला नाही. सगळं नियमानं केलं! आधी पाळीवर गेलो. तिथं तो मोठा खटका, त्यातून चहूकडे लाल तारा गेलेल्या. हाच मेन. खटका खाली ओढला. लाकडी पाटी ठोकली, एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘काम चालू आहे, हात लावू नये’. इवायांना पाटीपाशी उभं केलं.

“कोणालेच हात लावू देऊ नका.”

“तुमी बेफिकीर राहा जी.”

मग ठोकळे रचत खांबावर चढलो. दिव्याच्या डोक्यावर एक चपटी पेटी बसवलेली होती. हे काय नवीन? असेल मीटर. मी तार शोधत बसलो. दिव्याला तारच नाही! एक नाही, दोन नाही, काहीच नाही. मी मनात म्हटलं, बघा, लेकरू तार टाकायचीच विसरलं.

इतक्यात इवाई ओरडले, “पाणी येऊन रायलं जी!”

“येऊ द्या न. ठरल्या वेळी येतेच ते.”

“लय येऊन रायलं! अहाहा! जिंदगीत पयल्यांदा न भांडता पाणी आलं माह्या बांधीत!”

मला त्यांचा आनंद मोडवेना. मी दिव्याकडे वळलो. अर्ध्या मिनिटानं त्यांचा आवाज बदलला.

“इवाई… धान वाहून चाललं जी.”

“गहू.”

“गहू म्हना का धान म्हना, वाहून चाललं!”

खाली पाहिलं, तर तलावाचं दार सताड उघडं! पाणी उतारानं धो धो खाली. शेत गेलं, रस्ता गेला, आता घरांच्या दारात.

“खटका वर करा!” मी ओरडलो.

“पाटी हाये.”

“मी सांगून रायलो न, वर करा!”

“पाटी कोनं लावली?”

“मी!”

“मंग तुमीच काढा. पोरीच्या लग्नाच्या मांडवात तुमची पाटी काढून मी फ्यूज लावाले गेलो, तं तुमी मले अख्ख्या वऱ्हाडापुढं झापलं होतं. ज्यानं पाटी लावली त्यानंच काढाची. मी नाही इसरलो.”

सांगा, गाव बुडत असताना जुनं उकरून काढायची ही वेळ आहे? आणि राग कुणाचा येतो, तर स्वतःचाच, कारण माणूस अक्षर न अक्षर बरोबर बोलतो आहे!

मी खांबावरून उडी मारली. पाण्याविरुद्ध पोहत, दोनदा वाहून जात, कसाबसा पाळीवर पोचलो. पाटी फोडली. खटका वर केला. काही नाही! खाली केला, पुन्हा वर केला. ढिम्म. मग दिसलं. पाण्यानं लाल भुकटी धुऊन नेली होती. तारच उरली नाही, तर करंट जाणार कुठून?

“आता?” इवाई म्हणाले.

“आता नवी लाईन टाकतो.”

आणि टाकली. ओवीनं पाळीवरच्या संदुकीत ठेवलेली भुकटी घेऊन कोरड्या बाजूनं दारापर्यंत टाकली. पण सवय कुठं जाते? एक तार टाकली आणि तिला चिकटून दुसरी टाकली. न्यूट्रल! त्या गेममध्ये तारेला तार चिकटली की दोन्ही एक होतात, हे मला काय माहीत? माझं न्यूट्रल जाऊन गोठ्याच्या तारेला भिडलं. मधली डबी बसवायची राहिली, म्हणून तलावाचं दार मिटलं नाही ते नाहीच, उलट गोठ्याचं उघडलं. गाई बाहेर पडल्या त्या सरळ पाण्यात. मागून कोंबड्या. शेवटी पाण्यानं मलाही ओढत नेलं, आणि मी हाताला लागला तो खांब धरून पुन्हा वर जाऊन बसलो.

“आबा?”

ओवी आली होती. केसांना नवीन क्लिपा लावलेल्या. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा दिसत होता. तिनं गाव पाहिलं, मग पाळीवरचा खटका पाहिला. ओरडली असती तर बरं झालं असतं हो!

“आबा, तुम्ही मोठा खटका खाली केला?”

“सेफ्टीसाठी केला बेटा. बंद म्हणजे…”

“खटका वर असला तरच दार मिटलेलं राहतं. खाली केला की पिस्टन मागे येतो आणि दार उघडतं.” तिचे डोळे भरून आले. “मी सांगितलं होतं ना, नुसतं उभं राहा.”

मला इतकी लाज वाटली की टॅबमध्ये शिरून स्वतःच्या हातानं सगळं पाणी उपसावंसं वाटलं. मी म्हटलं, “मॅडमला सांग, माझ्या आबानं सत्यानाश केला.” पण तेवढ्यात अकरा वाजले आणि वर्ग आला, गावातही आणि आमच्या फोनवरही. तीसेक चौकोनी डोकी तलावाच्या पाळीवर रांगेनं उभी राहिली.

“हं ओवी, कर सुरू,” मॅडम म्हणाल्या.

खालून एक गाय वाहत गेली. कुणीतरी खुदकन हसलं. ओवी म्हणाली, “हे… हे माझ्या…” आणि थांबली. मला माहीत होतं हे थांबणं. पोरगी आता पुन्हा कधी बोलणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

त्या गेममध्ये दिवस लवकर बुडतो. तो चौकोनी सूर्य खाली गेला, अंधार पडायला लागला, आणि माझ्या बुडाखाली फक्कन उजेड झाला.

दिवा लागला होता!

“अरे, हा कसा लागला?” पोरं ओरडली. “सगळं तर वाहून गेलं!”

“याला तार नाही,” ओवी म्हणाली. आवाज बारीक होता, पण आला. “वर पेटी आहे ना, तिला सूर्य समजतो. दिवसा दिवा बंद राहतो, अंधार पडला की आपोआप लागतो. तार नाही म्हणून तो वाचला.”

“वा! आणि तलावाचं दार कसं होतं?” मॅडमनी विचारलं.

मग पोरगी सुटली. दार कसं होतं, खटका वर का ठेवायचा, पाण्यानं भुकटी कशी धुतली जाते, पुढच्या वेळी तारा जमिनीखालून कशा नेणार, सगळं सांगितलं. पाठ केलेलं भाषण पाण्यात गेलं होतं, हे तिचं स्वतःचं होतं. मॅडम म्हणाल्या, “पुढच्या रविवारी दार दुरुस्त करून दाखव. आम्ही पुन्हा येऊ.” माझा जीव भांड्यात पडला.

तिथंच संपायला हवं होतं. पण वर्गात एक तरी चौकस कार्टं असतंच.

“ओवी, खांबावर कोण बसलं आहे?”

“माझे आबा आहेत. बत्तीस वर्षं लाईनमन होते ते.”

“मग दिवसा रस्त्यावरचा दिवा बंद असतो, हे त्यांना माहीत नव्हतं?”

तीस डोकी वळून माझ्याकडे पाहायला लागली. दिघोरीत कुणाच्या तरी तोंडून चहा उडाल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. ओवी बिचारी, इतकं सगळं होऊनसुद्धा माझ्या बाजूनं उभी राहिली.

“माझ्या आबांना विजेतलं सगळं समजतं,” ती ठासून म्हणाली.

आणि इवायाचा आवाज आला, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा.

“बेटा, शाळेत खोटं बोलू नोको.”

इतक्या वर्षांत माझ्याबद्दलचं त्या माणसाचं एकही म्हणणं मला पटलं नव्हतं. हे पहिलं.