कवळीकाकांची नम्रता

कवळीकाकांच्या हातची कवळी इतकी अचूक बसायची की चार दिवसांत माणूस ती विसरून जायचा. काकांना तर तो विसरायचाही नाही, कारण त्यानं काकांना कधी पाहिलेलंच नसायचं.

दातांच्या त्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या आणि काकांचं टेबल तळघरात. तिथं प्लास्टरची पांढरी धूळ, वितळलेल्या मेणाचा वास आणि पॉलिशच्या चाकाची दिवसभर घरघर. वरून जबड्याचा ठसा यायचा, सोबत चिठ्ठी. काकांचं चिठ्ठीवर भागत नसे. ते माणसाचा जुना फोटो मागवून घेत आणि त्यात पुढचा दात किंचित तिरका दिसला तर नवाही तसाच तिरका लावत. सगळे दात एका रेषेत आले की माणसाचं हसू उसनं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. वर पेशंट आरशात बघून डोळे पुसायचे, डॉक्टरांचे दोन्ही हात धरायचे. खाली कुणी उतरायचं नाही.

काकांना मोठं व्हायचं होतं. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. तळघराचा प्रमुख म्हातारा झाला होता आणि त्याच्या जागी जो बसेल त्याला कॉलेजात मुलांना शिकवायला मिळणार होतं. वीस वर्षं काकांनी त्या खुर्चीवर डोळा ठेवून काम केलं, पण मागितली कधी नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना जन्माची खोड. त्यांना वाटायचं, देव बघतोय, डॉक्टर बघताहेत, आपण कशाला तोंड उघडायचं?

खुर्ची रिकामी झाली आणि डॉक्टरांच्या भाच्याला मिळाली. भाच्याकडे सर्टिफिकेटं होती. हात मात्र असा, की त्यानं लावलेल्या दातांतून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात शिट्टी वाजायची. डॉक्टर काकांच्याच चर्चच्या पंचांमध्येही होते. त्यांनी काकांना वर बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला.

"ज्याला पहिलं व्हायचं आहे त्यानं सगळ्यांचा सेवक व्हावं, हीच प्रभूची शिकवण," डॉक्टर म्हणाले. "आणि तुमच्याइतकं हे आपल्या मंडळीत कुणाला साधलंय?"

मग भाच्यालाच सेवक का करत नाही, हा प्रश्न काकांच्या जिभेवर आला होता. पण हातात डॉक्टरांच्या कपातला चहा होता. ते "बरोबर आहे" म्हणाले आणि खाली आले. त्या दुपारी त्यांनी एक साचा घासता घासता वाया घालवला. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

तिथून काकांनी नम्रता धरली. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसू लागले. उपासना संपली की खुर्च्या उचलायचे, पाण्याचे ग्लास धुवायचे, कुणी आभार मानले तर मान खाली घालायचे. दोन-तीन वर्षांत पाळकांच्या उपदेशात त्यांचं उदाहरण येऊ लागलं. एका रविवारी कुणी पाहुणा त्यांच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला, तर काका तासभर आतल्या आत धुमसत राहिले. पहिल्या रांगेत जागा मिळाली नाही म्हणून ते शेवटच्या रांगेतले पहिले झाले होते. हे त्यांच्या घरात एकाच माणसाला कळलं, त्यांच्या लेकीला. पण ती तेव्हा लहान होती आणि बोलली नाही.

ही लेक शाळेतून थेट तळघरात यायची. बाराव्या वर्षी मेणाचा दात कोरायची, पंधराव्या वर्षी फोटो बघून हिरडीचा रंग जुळवायची. काकांना जे शिकायला दहा वर्षं लागली ते तिच्या बोटांत आधीच होतं. एकोणिसाव्या वर्षी तिनं कुणाला न सांगता अर्ज केला. दूरच्या शहरात, आजारात नाहीतर अपघातात गेलेले नाक, कान, डोळे घडवायचं शिक्षण मिळायचं. तिची निवड झाली. फी माफ, राहायची सोय. फक्त हमीपत्रावर वडिलांची सही हवी होती.

तिनं कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. काकांनी तो दोनदा वाचला. शिकून परतलेल्या माणसाला दवाखान्यात प्रमुखाच्या वरचं पद मिळेल, असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. काकांना ते तरीही दिसलं. लेक वरच्या मजल्यावर, आपण खाली, आणि तिची चिठ्ठी आपल्या टेबलावर.

"मोठेपणाचा हव्यास बरा नाही, बाळ," ते म्हणाले. "देवानं ठेवलंय तिथं राहून सेवा करावी."

"हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाबा. तेव्हा तुम्हाला पटलं होतं?"

बायकोनं ताटं उचलता उचलता हात थांबवला. काकांनी कागदाची घडी घातली. बायकोनं रात्री समजावून पाहिलं, आठवडाभर अबोला धरून पाहिला. काकांनी कागद कपाटात ठेवला. नाही म्हणाले नाहीत, सही केली नाही. आपण याबद्दल प्रार्थना करतोय, असं ते सांगत राहिले, आणि मुदत निघून गेली.

लेकीनं आदळआपट केली नाही. महिन्याभरानं डॉक्टरांनीच तिला दवाखान्याच्या दारातल्या टेबलावर बसवलं. पेशंटची नावं लिहायची, वेळ द्यायची, फोन घ्यायचा. ती तळघरात पुन्हा उतरली नाही. मेणाला, रंगाला हात लावला नाही. घरी नीट बोलायची, दुखलंखुपलं बघायची, औषधं वेळेवर द्यायची. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. काकांना तेच खुपायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा सोळा वर्षं चालला. मधे काकांची बायको वारली. जाताना ती लेकीशी बोलली, देवाचं नाव घेतलं, काकांकडे नुसतं बघितलं.

काका निवृत्त झाले तेव्हा चर्चनं त्यांचा सत्कार ठेवला. पाळक बोलले, मग थकलेले डॉक्टर काठी टेकत उठले आणि नम्रतेवर वीस मिनिटं बोलले. काकांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. बोलायची पाळी आली तेव्हा त्यांनी लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला.

"मी नम्र नव्हतो," ते म्हणाले. "मी भित्रा होतो. मला ती खुर्ची हवी होती आणि मागायची हिंमत नव्हती. मिळाली नाही, तेव्हा मला नकोच होती असं दाखवलं. आणि माझी लेक माझ्यापुढे जाईल म्हणून तिचा रस्ता अडवला. त्याला मी देवाचं नाव दिलं. बायबलातल्या त्या चाकरासारखं, धन्यानं तिच्या हातावर ठेवलेलं धन मी जमिनीत पुरलं. माझं स्वतःचं असतं तर निदान माझ्यापुरतं असतं."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं चर्च उभं राहिलं. पाळकांनी डोळे पुसले. "एवढं काम करून स्वतःला असं कमी लेखायला केवढी नम्रता लागते," असं ते माइकवर म्हणाले. डॉक्टरांनी काकांना मिठी मारली. काका "नाही, तसं नाही" म्हणत राहिले. लोकांना तेही नम्रच वाटलं.

लेक बाहेर फाटकाजवळ उभी होती. हातात काकांची औषधांची पिशवी होती. दोघं रस्त्याला लागले.

"मी खरं बोललो," काका शेवटी म्हणाले. "कुणाला कळलंच नाही. तुला तरी कळलं ना?"

"मला सोळा वर्षांपूर्वीच कळलं होतं, बाबा."

"मग माफ करशील?"

"माफ कधीच केलंय," ती म्हणाली. "त्याचा उपयोग तुम्हालाच होणार आहे. मला उद्या आठला दवाखाना उघडायचाय."

रस्ता ओलांडताना तिनं नेहमीसारखा त्यांचा दंड धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला.